दुखण्याला पुरावा लागतो का?

हिंजवडी म्हणजे मुळशी तालुकाच. इथे आम्ही दिवसभर बग शोधतो. आधी लॉग दाखव, मग बोल, हा नियम. माझं डोकं दोन वर्षं दुखतंय, त्याचा लॉग नव्हता. शेवटी एमआरआय झाला: लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या तळाच्या छिद्रातून ४ मिलिमीटर खाली उतरलेलं. ‘कियारी’ म्हणायला साधारण ५ लागतात.

मग एका मिलिमीटरने माझं दुखणं खोटं ठरतं का? ५च्या पुढे असूनही कधीच न दुखलेली माणसं आहेत. हान्स कियारीने १८९१ मध्ये या दोषाचं वर्णन केलं ते शवविच्छेदनांवरून. डोकं दुखायचं का, हे मृतदेह सांगू शकत नव्हते. स्कॅनही सांगत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारावं लागतं: खोकताना, शिंकताना डोक्याच्या मागे कळ येते का?

कारण ठरवायला पुरावा हवाच. त्याशिवाय कवटीवर शस्त्रक्रिया कशी करायची? पण ‘दुखतंय’ हे खरं मानायला तो कशाला? कारण सापडायला वर्षं लागू शकतात. विश्वास आजच लागतो.