एका शनिवारी एक दालन

हर्नडन, व्हर्जिनिया

चि. बाळ,


तू पाठवलेली यादी पोचली. सुट्टीत पुण्याहून इथे आलीस की वॉशिंग्टनमध्ये काय काय बघायचं, कुठून कुठे चालत जायचं, कुठे किती वेळ द्यायचा, हे सगळं तू रकाने आखून इतकं टापटिपीनं लिहिलंयस की तुझ्या मामानं तो कागद छापून फ्रिजवर लावून टाकला, आणि आता चहाचं दूध काढायला गेले की मी रोज तो वाचते. चित्रं बघायची म्हणून सुट्टीचे दिवस राखून ठेवणारी मुलगी आपल्या घरात आहे याचा मला किती आनंद होतो, ते तुला सांगून कळायचं नाही. फक्त एका जागी माझा जीव अडकतो. शनिवारी पाच गॅलऱ्या, रविवारी चार, आणि प्रत्येकीला पन्नास मिनिटं! इतक्या लांब यायचं तर काही राहून जायला नको, हा तुझा हिशेब मला कळतो गं. तरी आजीचं थोडं ऐकून घे, आणि मग यादी तुझी तूच बदल किंवा नको बदलूस.

आपल्या घरात काटकसर मुरलेली आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. तिकीट काढलं की आपण ते वसूल करायला बघतो, पाय दुखले तरी शेवटचं दालन सोडत नाही. पण इथली गंमत अशी की नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला तिकीट नाही, फ्रीअर गॅलरीला नाही, वॉशिंग्टनमधल्या लांबलचक हिरवळीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांना नाही. जिथे काही द्यायचंच नाही तिथे वसूल काय करायचं? एका चित्रापाशी अर्धा तास बसून तू बाहेर पडलीस तरी तुझा एक पैसा बुडत नाही, आणि पुढच्या शनिवारी तेच दार तुला पुन्हा उघडं आहे. तू दीड महिना राहणार आहेस. मग एका शनिवारी एक दालन, फार तर दोन. ताटात लागेल तेवढंच वाढून घ्यावं असं मी तुला लहानपणापासून सांगत आले आणि तू ते ऐकतही आलीस. डोळ्यांच्या ताटाचंही तेच आहे.

ही सवय मला माझ्या वडिलांनी लावली. माझं माहेर औंधच्या पंचक्रोशीतलं, ते तुला माहीत आहे. तिथल्या यमाईच्या डोंगरावर औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली भवानी संग्रहालय उभं केलं. राजे स्वतः चित्रं काढत, आणि पहाटे उठून सूर्यनमस्कार घालण्याचं त्यांना इतकं वेड की संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते मुलांना लावले. राजा रविवर्मांची चित्रं, धुरंधरांची चित्रं आणि हेन्री मूरसारख्या इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई नि मूल हे सगळं साताऱ्याकडच्या एका डोंगरावर! शेतावरची माणसं देवीला नारळ फोडून तसंच अनवाणी वर जात आणि ते बघत. आमचे वडील देवदर्शनाला आले की आम्हा पोरांना तिथे नेत आणि एका चित्रापुढे उभं करून विचारत, "उजेड कुठून येतोय? हातात काय आहे? मागे कोण उभं आहे?" उत्तरं देईपर्यंत पुढे हलायचं नाही. आम्हाला कंटाळा यायचा, नाही असं नाही, पण त्या चित्रांतल्या लुगड्यांचे काठसुद्धा मला आज डोळ्यांपुढे दिसतात.

आता इथलं सांगते. तुझं विमान उतरेल तो डलेस विमानतळ आमच्या घरापासून अगदी जवळ. पूर्वी शहरात जायचं म्हणजे मामाच्या सवडीकडे डोळे लावून बसायचं, पण १५ नोव्हेंबर २०२२ ला हर्नडनचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, महामार्गाच्या मधोमध, आणि माझे पाय मोकळे झाले. सिल्व्हर लाइनच्या गाडीत बसलं की मध्ये कुठे न बदलता थेट स्मिथसोनियन स्टेशन. पाऊण-एक तास लागतो. खिडकीपाशी बसून मी त्या वेळात माझं नामस्मरण उरकते, तू तुझं काय ते उरक. शनिवार-रविवारी भाडंही कमी असतं.

आणि नशीब बघ, स्टेशन सुरू झाल्यावर चारच दिवसांनी फ्रीअर-सॅकलर या जोड-गॅलऱ्यांत उदयपूरच्या राजघराण्यातल्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं, ते पुढच्या मेपर्यंत होतं. त्या हिवाळ्यात मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. आपल्याला लघुचित्र म्हटलं की तळहाताएवढं पान आठवतं, पण १७०० च्या सुमारास उदयपूरच्या चितेऱ्यांनी मोठमोठी चित्रं करायला घेतली, ज्यांत आख्खं तळं, आख्खा राजवाडा, डोंगरावर दाटून आलेला पाऊस आणि त्यात चाललेली शेकडो माणसं मावतील अशी. बाहेर वॉशिंग्टनची थंडी आणि आत मेवाडचा पावसाळा. पहिल्यांदा मला नुसता हिरवा रंग दिसला. मग एकदा गच्चीवरचे मोर दिसले, मग पाण्यातल्या नावा, आणि एका चित्रात तोच राणा तीन-चार ठिकाणी दिसला, कारण चितेऱ्यानं त्याची सगळी दुपार एकाच कापडावर मांडली होती. पन्नास मिनिटांत धावत गेले असते तर मला त्या प्रदर्शनातला फक्त हिरवा रंग घेऊन घरी यावं लागलं असतं.

अशी प्रदर्शनं उतरवतात त्यामागेही कारण आहे, ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. कागदावरची आणि रेशमावरची चित्रं उजेडानं विटतात. म्हणून ती मंद दिव्यात काही महिने दाखवायची आणि मग पुढे काही वर्षं अंधारात विसावा द्यायचा, असा सगळीकडचा रिवाज आहे. दालनात अंधार वाटला तर कुरकुर करू नकोस. दारातून आत गेल्यावर क्षणभर थांब, डोळे आपोआप सरावतात.

फ्रीअर गॅलरी उभी करणारा चार्ल्स लँग फ्रीअर हा डेट्रॉइटचा रेल्वेचे डबे बनवणारा कारखानदार. शाळा लवकर सुटलेली, पैसा कष्टानं मिळवलेला. जमवलेलं सगळं त्यानं १९०६ साली देशाला देऊन टाकलं, आणि १९२३ मध्ये गॅलरी उघडली तेव्हा ती बघायला तो हयात नव्हता. त्याच्या पश्चात १९२९ साली तिथे आलेली एक कांस्यमूर्ती आहे. तुला मी पहिल्यांदा तिच्याकडेच नेणार. दहाव्या शतकातली, चोळांच्या काळातली, उंचीला तुझ्या कमरेच्या जरा वर. राणी सेंबियन महादेवीची, पार्वतीच्या रूपातली, असं तिला मानतात. ही राणी नवऱ्यामागे कितीतरी वर्षं जगली आणि त्या वर्षांत तिनं तमिळ मुलखातली विटांची जुनी देवळं दगडात बांधून घेतली, दिव्याबत्तीची सोय लावून दिली. मूर्ती मेणाच्या साच्याची: आधी मेणात घडवायची, भोवती माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडावाच लागतो, म्हणून अशी मूर्ती एकदाच होते. खाली सोडलेल्या डाव्या हाताची बोटं नीट बघ. मी तिथे मनातल्या मनात हात जोडते. घरापासून इतकी दूर आलेली बाई आहे ती, दर्शनाला कुणीतरी आपलं यावं.

नॅशनल गॅलरीच्या जुन्या, पश्चिमेकडच्या इमारतीत लिओनार्दोचं जिनेव्रा दे बेन्ची आहे, १९६७ साली घेतलेलं. अमेरिका खंडात लोकांना बघायला मिळणारं लिओनार्दोचं हे एकच रंगचित्र, त्यामुळे गर्दी असते. माणसं येतात, फोन वर करतात, समोरून फोटो काढतात आणि जातात. ते चित्र भिंतीपासून सोडवून मधे ठेवलंय, कारण त्या फळीला मागची बाजूही रंगवलेली आहे: जुनिपरची डहाळी आणि तिच्याभोवती लॉरेल नि ताडाच्या फांद्यांची महिरप. मागे जाऊन बघणारे थोडे. तू जाशीलच, मला माहीत आहे, फक्त फोटोच्या आधी जा.

त्याच इमारतीत फर्मेरचं एक छोटं चित्र आहे, तराजू धरलेल्या बाईचं, १६६४ च्या सुमाराचं. हातभरसुद्धा नाही, चाळीस सेंटिमीटरच्या आतलं. खिडकीतून उजेड येतोय, टेबलावर मोत्यांच्या माळा पडल्यात, आणि ती चिमटीत तराजू धरून उभी आहे. लोक पुष्कळ वर्षं समजत होते की ती सोनं किंवा मोती तोलतेय, आणि चित्राला नावंही तशीच पडली होती. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कळलं की पारडी रिकामी आहेत. त्यांत काहीच नाही! ती फक्त तराजू स्थिर व्हायची वाट बघतेय. बाळा, हे चित्र मला इतकं का आवडतं ते मी तुझ्या मामाला अनेकदा सांगून पाहिलं. जगात एवढं सोनंनाणं रंगवलं गेलं, आणि या माणसानं रिकामा काटा थांबण्याचा क्षण रंगवला. फर्मेरची सगळी मिळून पस्तीसेक चित्रं उरली आहेत, वर्षाला दोन-तीनच करायचा तो.

आपल्यातही असा एक होऊन गेला. वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईत जे.जे.त शिकलेले. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, बाकीचा वेळ विचारात. रंग लावायचा, रोलरनं फिरवायचा, पातीनं खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. २०१४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मामा मला घेऊन गेला होता. त्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, आणि तरी समोर बसलं की खोलवरून काहीतरी हळूहळू वर येत राहतं. ते का होतं हे मला समजावून सांगता येत नाही, पण ते होतं एवढं नक्की. आणि पाच मिनिटांच्या आत होत नाही.

मोठ्या गॅलऱ्यांच्या नादात आपलं गाव विसरायचं नाही, हेही तुझ्या यादीत घाल. हर्नडनच्या जुन्या भागात, रूळ काढून केलेल्या त्या चालायच्या वाटेपासून जवळच, सेंटर स्ट्रीटवर आर्ट्स हर्नडनची छोटी गॅलरी आहे, जिला आम्ही अजून आर्टस्पेसच म्हणतो. तिथे इथल्याच चित्रकारांची कामं लागतात. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत, १९५२ पासून, चित्रकार वर्षानुवर्षं आपल्या पाळीची वाट बघतो, मग आठवडाभर स्वतःच्या चित्रांमध्ये खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहतो. किती माणसं त्याच्याकडे न बघता एसीच्या गारव्यात एक चक्कर मारून निघून जातात! तू तशी नाहीस. चित्रकार दिसला तर विचार, हे कसं केलंत, किती दिवस लागले. अभिप्रायाची वही असली तर तिच्यात 'छान' एवढंच न लिहिता कुठलं चित्र आणि त्यातलं काय आवडलं ते लिही. माणसं त्या ओळी वर्षानुवर्षं जपून ठेवतात गं.

आता कामाचं. शनिवारी मी सहाला उठवीन. दारं दहाला उघडतात आणि पहिला अर्धा तास दालनं रिकामी असतात. ते एक बाकडं, तू आणि चित्र, एवढंच. धपाटे आणि दही मी बांधून घेईन, ते हिरवळीवर झाडाखाली बसून खाऊ, कॅफेत पैसे घालवायचे नाहीत. पायात नवे बूट नकोत. पेन्सिल आणि छोटी वही आण, पेन्सिलीनं बसून काढलेलं चालतं. एखादं चित्र नाहीच आवडलं तर नाही आवडलं, त्यात वावगं काही नाही, पुढच्यापाशी बसू. आणि यादी फ्रिजवर राहू दे, पाठीमागची बाजू कोरी आहे, तिच्यावर आपण दोघी मिळून सहा शनिवार मांडू.

आईला सांग की मेतकूट आणि भाजणी सामानात घालायला विसरू नको. तब्येतीला जप, अभ्यासाची जागरणं आटोपल्यावर दोन दिवस स्वस्थ झोप काढ.

तुझी,
आजी