सोडवणं आणि सोडून देणं

बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘लाव.’

मार्च २०२१ संपत आला होता. अमरावतीतल्या एका खासगी आयसीयूत बाबांचा व्हेंटिलेटरवरचा तो एकतिसावा दिवस. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी, त्यामुळे आवाज नाही. बारा मिनिटांपूर्वी डॉक्टर मॅडमनी त्या नळीचा व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन जोडला होता. अर्धा तास स्वतःच्या बळावर श्वास घ्यायचा, असं सकाळी ठरलं होतं. आता बाबांचे डोळे विस्फारले होते. मी म्हणालो, “मॅडम, लावा ना मशीन.” त्यांनी मॉनिटर पाहिला, बाबांच्या मानेचे स्नायू पाहिले. “काका, अजून पाच मिनिटं. मग मी स्वतः लावते.”

त्या पाच मिनिटांत मला मॅडमचा भयंकर राग आला. तो राग बरोबर होता का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

आम्ही अकोल्याचे. दुसऱ्या लाटेची झळ वऱ्हाडाला सुरुवातीलाच बसली. २२ फेब्रुवारीला अमरावतीत आठवड्याचं लॉकडाऊन लागलं, आणि त्याच आठवड्यात मूर्तिजापूर, बडनेरा करत अँब्युलन्सनं बाबांना इथं आणलं. रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर एकाला आत बसू देऊ लागले. तो एक मी.

मला वाटायचं, माणूस बरा झाला की मशीन काढतात. तसं नसतं. मशीन श्वास देत असतं तेव्हा छातीखालचं श्वासपटल रिकामं बसतं. २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या श्वासपटलाचे स्नायूतंतू स्पष्टपणे बारीक झालेले दिसले. बाबांचा तर महिना झाला होता. म्हणजे जी मदत जीव वाचवते, तीच स्वतःची गरजही वाढवत जाते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. एखादं काम ऑटोमेट केलं की दोन वर्षांनी ते हातानं करता येणारं कुणी उरत नाही.

मग ओझं परत द्यावं लागतं. स्पेनमध्ये झालेल्या १९९५ च्या एका अभ्यासात, रोज एकदा स्वतः श्वास घ्यायला लावलेले रुग्ण, मशीनचे ठरावीक श्वास हळूहळू कमी केलेल्या रुग्णांपेक्षा जवळपास तिप्पट वेगानं मशीनवरून सुटले. पण जमलं नाही, तर पुढच्या प्रयत्नापर्यंत पूर्ण विश्रांती. थकलेल्या स्नायूला रेटलं तर तो आणखी खचतो.

इथं प्रश्न उरतो. माणूस ‘नको’ म्हणतोय, तरी त्याला पाच मिनिटं पुढं नेण्याचा हक्क कुणाला?

‘डॉक्टरांना कळतं’ हे उत्तर मला पुरत नाही. आकडे चांगले असले तरी जीव गुदमरल्यासारखा वाटू शकतो आणि तो त्रास खराच असतो. ‘रुग्णाची इच्छा अंतिम’ हेही पुरत नाही. कारण सकाळी त्याच पाटीवर बाबांनी लिहिलं होतं, ‘घरी जाऊ.’ दोन्ही इच्छा त्यांच्याच. आणि माझी? मला त्यांचा त्रास थांबवायचा होता, की तो बघण्याचा माझा त्रास? तिकडे काका फोनवर म्हणत होते, “आता काढाच म्हना ते मशीन. कापसाचा सारा पैसा गेला.” आशा नसताना मशीन काढण्याची वाट सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घालून दिली आहे. पण तो विषय वेगळा, इथं आशा होती. काकांना घाई बिलामुळे होती, मला थांबवायचं होतं भीतीमुळे. बाबांच्या फुफ्फुसांना आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

या सगळ्याला इंग्रजीत ‘वीनिंग’ म्हणतात, म्हणजे बाळाचं दूध तोडणं. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “दूध तोडतानी लेकरू रडतेच बापा. पन माय तठीच पायजे.”

आपण दूध ‘सोडवतो’, संकटातून माणूसही ‘सोडवतो’. ‘सोडून देणं’ मात्र वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीत हात काढून घेतलेला असतो. फरक एवढाच, की सोडवणारा तिथंच थांबतो आणि दिलेला शब्द पाळतो.

मॅडमनी सतराव्या मिनिटाला मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधीच बाबांशी ठरवलं: तीन बोटं वर केली की लगेच लावायचं, चर्चा नाही. घड्याळ त्यांना दिसेल असं ठेवलं. आठव्या दिवशी बाबांनी बोटं उचललीच नाहीत.

शेजारच्या बेडवरच्या काकू सुटल्या नाहीत. त्यांच्यासाठीही मॅडम तशाच थांबायच्या. म्हणून बाबा घरी आले, यावरून मॅडम बरोबर होत्या असं मी म्हणत नाही.

मागच्या दिवाळीत बाबांना विचारलंच, त्या पाच मिनिटांचा राग येतो का?

“मले वाटलं मेलो. पन बाईनं लावतो म्हटलं, अन् लावलं. म्हनून दुसऱ्या दिवशी तयार झालो.”

“आणि मी?”

“तू तं निरा त्या टीव्हीकडं पाहे.”

टीव्ही म्हणजे मॉनिटर.