बिनछपराचा देव

कोकणात आणि घाटमाथ्यावर असे कित्येक देव आहेत ज्यांना छप्पर चालत नाही. काळकाई, वाघजाई, शिरकाई, म्हसोबा. शेंदूर फासलेला तांदळा, पुढ्यात चार दगड आणि वर ऐन-जांभळाची सावली. देवीला उघड्यावरच राहायचंय, असं गावकरी सांगतात. भोवतीच्या रानात चप्पल घालून शिरायचं नाही, तिथली वाळकी काटकीही चुलीसाठी उचलायची नाही. घाटावर या रानाला देवराई म्हणतात, सिंधुदुर्गात देवरहाटी.

१९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक या रायांची नोंद करत हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं: वनखातं आमची राई तोडायला निघालंय. आपली बाजू मांडताना लोकांनी देवीच्या कोपापेक्षा ओढ्यावर भर दिला. गावाला पाणी देणारा ओढा त्याच राईत उगम पावत होता. राई वाचली.

ही हकिकत वाचून शहरी वाचक सुखावतो. म्हणजे देव हे निमित्त, खरा हेतू पाण्याचा. पूर्वज विज्ञाननिष्ठच होते! हा निष्कर्ष फार सोयीचा आहे. राई फक्त पाण्यासाठी राखायची असेल, तर गावात नळयोजना आल्यावर ती कशासाठी राखायची? कारण सांगता येतं तिथे घासाघीसही करता येते. देवीच्या नियमाला कारण नव्हतं, म्हणून त्यात घासाघीसही नव्हती.

देवीच्या धाकाला पावित्र्याचा मुलामा देण्याचंही कारण नाही. काही रायांत बायकांना आजही मज्जाव आहे, काही ठिकाणी बळी दिले जातात. झाडं ज्या धाकाने राखली त्याच धाकाने माणसंही बाहेर ठेवली. हा वारसा घ्यायचा तर निवडून घ्यावा लागतो, आणि कोपाची भीती एकदा निवडायला घेतली की ती भीती राहते का, हा प्रश्न पर्यावरणवाद्यांच्या सभांत कुणी फारसा काढत नाही.

श्रद्धा आटली म्हणून राया गेल्या, असं सर्रास म्हटलं जातं. अनेक गावांतलं चित्र नेमकं उलटं आहे. श्रद्धेला पैसा मिळाला. मुंबईला गेलेले चाकरमानी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार समिती नेमतात; तांदळ्यावर आधी पत्रा येतो, मग स्लॅब, मग सभामंडप आणि गाड्या उभ्या करायला मोकळी जागा. कधी राईतलीच झाडं विकून खर्च भागवतात. पुढे पेव्हर ब्लॉक, हिरवळीचा गालिचा आणि रांगेत अशोक. राहिलेल्या झाडांखालचा पाचोळा स्वच्छतेच्या उत्साहात झाडून जाळतात. जांभळाची बी वाळली की मरते. तिला लगेच रुजायला ओली, मऊ जमीन लागते, आणि ती ओल पाचोळाच धरून ठेवतो. त्यामुळे म्हाताऱ्या झाडांच्या पायाशी एकही रोप दिसत नाही. हे सगळं भक्तीने होतं, दुष्टाव्याने नव्हे. म्हणून तर त्याला विरोध करणं अवघड.

धाकाऐवजी पैसा राखणदार होईल का? संगमेश्वर तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या पुण्याच्या संस्थेने तसा प्रयत्न केला आहे. राईतल्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. त्या झाडांची फळं रीतसर गोळा करून औषधांसाठी विकली, तर उभं झाड तोडलेल्या झाडाइतकंच किफायतशीर ठरतं. कल्पना चांगली आहे, चालतेही. पण बेहड्याला भाव आहे. त्याच राईतल्या, बाजारात ज्याला कुणी विचारत नाही अशा वेलीचं काय? देवी बेहडा आणि वेल असा भेद करत नव्हती.

उरला कायदा. भारतीय कायद्यात देवतेच्या नावे मालमत्ता असू शकते, पण तिला कायम अज्ञान मुलासारखं मानलं जातं. कारभार दुसऱ्याने पाहायचा. म्हणजे राई देवीच्या मालकीची असली, तरी तोडीला होकार विश्वस्तांचा. कोकणात निदान तिला विचारायची एक रीत आहे. झाडाला हात लावण्याआधी गुरव गाऱ्हाणं घालून कौल लावतो, देवीचा होकार-नकार पाहतो. कौल डावा पडला की कुऱ्हाड खाली ठेवायची. गाऱ्हाणं कुठल्या शब्दांत घालायचं, ते मात्र गुरव आणि मानकरीच ठरवतात.