बाटलीतले काजवे

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी मी सहा उन्हाळे तंबूवर काम केलं. बारावी झाली त्या वर्षी पहिल्यांदा गेलो. शेंडीकडून रतनवाडीला जाताना डाव्या-उजव्या हाताला जे रंगीत तंबू दिसतात, तसल्याच एका ठिकाणी. एका रात्रीचे 500 रुपये आणि दोन वेळचं जेवण. त्याआधी आमच्या घरातली माणसं उन्हाळ्यात काम नसलं की नारायणगावच्या स्टँडवर जाऊन उभी राहायची. तिथं सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. बागायतदार येतो, हात-पाय बघतो, रोज ठरवतो आणि जीपमध्ये घालून नेतो. बाबा तिथं उभे राहिलेले मी लहानपणी पाहिले आहेत. त्यामुळे घरापासून चालत जाता येईल अशा जागी काम मिळालं, याचं अप्रूप काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

कामाचे दोन हंगाम असायचे. एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईच्या शाळांतल्या मुलांची शिबिरं. मुलं पन्नास-साठ, त्यांचे सर-मॅडम चार-पाच. सकाळी त्यांना टेकडीवर न्यायचं, अमृतेश्वराचं देऊळ दाखवायचं, पाण्यात कुणी उतरत नाही ना यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. दुसरा हंगाम काजव्यांचा. मेचा शेवटचा आठवडा ते मिरगाचा पाऊस जोर धरेपर्यंत. पंधरा-वीस दिवसच, पण मालकाची वर्षाची निम्मी कमाई त्यातच. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागायची. आम्ही चौघं पोरं दुपारपासून खुंट्या ठोकायचो, गाद्या टाकायचो, टँकरचं पाणी पिंपात भरायचो. संध्याकाळी कोळशाची शेगडी, रात्री जेवण, पहाटे चहा, मग पोहे. पाहुणे गेले की चादरी झटकायच्या, प्लास्टिक गोळा करायचं, की पुढची गाडी आलीच.

आम्हा म्हाताऱ्या माणसांच्या घरात काजवा हा बघायला जायचा प्रकार नव्हता. तो घड्याळासारखा होता. काजवे झाडावर बसायला लागले की आजी म्हणायची, "आता बी काढा बाहेर. पाऊस टेकलाय." राब भाजून झालेला असायचा, भाताचं बी कणगीतून निघायचं. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर या झाडांवर हजारोंनी काजवे बसतात आणि सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. ते आम्ही बघायचो, पण ओट्यावर बसल्या बसल्या, भाकरी खाता खाता.

आता मुद्द्याचं सांगतो.

माझ्या तिसऱ्या हंगामात जूनच्या पहिल्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता. त्यात आमच्या तंबूंचे दिवे, शेगड्या, शेजारच्या तंबूवरचा स्पीकर, रस्त्यावर गाड्यांचे हेडलाइट. तंबूच्या आसपासच्या झाडांवर चार-दोन काजवे लुकलुकत होते, बास. एक कुटुंब लांबून आलं होतं. सहा-सात वर्षांची मुलगी, दिवसभर गाडीत बसून आंबलेली, झोपेला आलेली आणि रडवेली. तिचे वडील माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दादा, पोरीला एक तरी दाखवा हो. आठवडाभर तेच बोलतेय." माणूस साधा होता, आवाजात मिजास नव्हती. मी पाण्याची रिकामी बाटली घेतली, मागच्या ओढ्यात उतरलो आणि खालच्या फांदीवरचे वीस-पंचवीस काजवे बाटलीत भरून आणले. बाटली तिच्या हातात दिली. पोरगी रडायची थांबली. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून ती इतका वेळ गप्प राहिली, की तिच्या आईच्याच डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी माझ्या खिशात 200 रुपये कोंबले.

शेजारच्या तंबूतल्या लोकांनी ते पाहिलं. त्यांनाही बाटली पाहिजे झाली. मी पुन्हा ओढ्यात उतरलो. पुढच्या शनिवारी मालकच म्हणाला, "काजवे कमी असले तर बाटल्या आणून ठेवा रे, पब्लिक नाराज नको जायला." तिसऱ्या वेळी कुणी मागायच्या आधीच आम्ही चौघांनी बाटल्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी त्या बाटल्या तंबूबाहेर पडलेल्या असायच्या. तळाशी काळ्या बियांसारखे मेलेले काजवे. आम्ही त्या कचऱ्याच्या गोणीत टाकायचो.

त्यातली एक बाटली माझ्या पिशवीत राहिली आणि आजीच्या हाती लागली. तिनं उन्हात धरून पाहिली. "ह्ये कशाला आणलं रं?" मी सांगितलं. पाप लागतं असं काही ती म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या लोकाहीला सांगता नाय आलं का, आज नाय म्हणून?"

मला राग आला. मी म्हणालो, "तू हिरडा विकत नाय का? झाडाचंच ते. मी काजवा विकला तर काय बिघडलं?"

आजी गप्प बसली. तिला उत्तर नसेल असं तेव्हा वाटलं. खरं तर मी तिला दुखावलं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

पण माझा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या भागात बाळहिरडा गोळा करणं हा पिढ्यांचा धंदा आहे. कोवळं फळ झोडून खाली पाडायचं, वाळवायचं, विकायचं. त्या पैशावर बी-बियाणं येतं, पोरांची वह्या-पुस्तकं येतात. डोंगरातलं विकणं हेच पाप असेल तर आमच्या सगळ्या घरांत ते शिजतं. मग हिरडा आणि काजवा यांत फरक कुठे आहे, हा विचार मी बरीच वर्षं डोक्यात घोळवला.

पहिला फरक मला शिबिराला आलेल्या एका शाळेच्या मॅडमनी सांगितला. काजवा म्हणजे एक भुंगेरा. त्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पाल्याखाली राहते, गोगलगायी खाते. आपण ज्याला काजवा म्हणतो ते त्याचं शेवटचं रूप, जेमतेम काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. त्या दिवसांत त्याला एकच काम असतं. नर उजेड पाडून मादीला बोलावतो, मादी उजेडानंच होकार देते, मग ती मातीत अंडी घालते आणि संपलं. ती अंडी पुढच्या वर्षीचे काजवे. म्हणजे मी ज्या फांद्या झाडून बाटल्या भरत होतो, तो लग्नाचा मांडव होता आणि मी बोहल्यावरून नवरदेव उचलून नेत होतो. हिरड्याचं फळ नेलं तरी झाड उभं राहतं, पुढल्या वर्षी पुन्हा बहरतं. आजी झोडताना शेंड्याला हात लावायची नाही आणि डहाळी मोडली तर आम्हाला शिव्या घालायची. बाटलीत मात्र मी फळ नेत नव्हतो, बी नेत होतो. कणगीतलं बी खाऊ नये हे ज्या घरात सांगावं लागत नाही, त्या घरातला मी.

पण हा फरक माहीत नव्हता म्हणून मी चुकलो, असं म्हटलं तर ती स्वतःची फसवणूक होईल. सकाळी बाटलीच्या तळाशी काय पडलंय ते मला दिसत होतं. ते बघायला शाळेच्या मॅडम लागत नाहीत.

मग दुसरी सबब असते, गरिबीची. ती मी पुष्कळदा वापरली आहे आणि ती निव्वळ खोटीही नाही. 1926 साली हे धरण बांधून झालं. आमच्या डोंगरात पडलेलं पाणी तेव्हापासून प्रवरेतून खाली जातं आणि खालच्या अंगाचा ऊस त्यावर उभा राहतो. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस, तिथल्याच बायका मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन पाणी शोधतात. अशा ठिकाणच्या पोरानं 200 रुपयांसाठी चार किडे पकडले, तर त्याला नीतीचे धडे कुणी द्यायचे? दहा गाड्यांच्या हेडलाइटनं ओढाच्या ओढा आंधळा करणाऱ्यांनी? त्या वेळी कुणी मला बोललं असतं तर मी हेच तोंडावर फेकलं असतं.

आज मात्र मी तीन बाटल्या वेगवेगळ्या मोजतो. पहिली बाटली मी त्या पोरीच्या रडण्यासाठी भरली. तिचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. दुसरी 200 रुपयांसाठी भरली. तिथं गरिबीची सबब चालेल, बहिणीची फी त्याच महिन्यात भरायची होती. पण तिसरी कुणी मागितलीच नव्हती. ती मी सवयीनं भरली, पिंप भरावं तशी. माणूस बिघडतो तो पहिल्या बाटलीला नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळेला आपण काही करतोय हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. गरिबी मला ओढ्यापर्यंत घेऊन गेली असेल, पण माझा हात काही ती धरून नव्हती.

आणि मग आजीचा प्रश्न उरतोच. आज नाही, असं सांगता आलं नाही का?

आमच्या घरी पाहुणा आला तर घरात असेल ते पुढं येतं. कधी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचाच असतो. आई म्हणते, "आज एवढंच हाय बरं का." पाहुणा म्हणतो, "झालं की." कुणाला लाज वाटत नाही. पाहुणा म्हणजे ज्याला घराची खरी स्थिती सांगता येते तो. तंबूवरच्या माणसांनाही आम्ही पाहुणेच म्हणायचो, मालकानं तसंच शिकवलं होतं. पण त्यांना खरी स्थिती सांगायची सोय नव्हती. त्यांनी पैसे भरलेले असायचे, आणि काजवे दिसले नाहीत तर तो आमचा दोष ठरायचा. काजवा काही आमच्या पगारावर नव्हता. तरी आम्ही त्याच्या वतीनं कबूल होऊन बसलो होतो. नाही म्हणता येत नाही अशा जागी माणूस बसला, की त्याच्या हातून काय काय होईल याची हमी देता येत नाही.

आणि एकट्यानं नाही म्हणणं सोपं नसतं, हेही खरं. चौथ्या हंगामात मी बाटल्या भरायला नकार दिला. मालक ओरडला नाही. त्यानं मला भांडी घासायच्या कामावर टाकलं आणि बाटल्या दुसऱ्या पोरानं भरल्या. म्हणजे माझे हात धुतले गेले, काजव्यांना काहीच फरक पडला नाही. तेव्हा कळलं की स्वतःपुरतं स्वच्छ राहणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. पाचव्या हंगामाच्या आधी आम्ही चौघं हनुमानाच्या पारावर बसलो, मग शेजारच्या तंबूवरच्या पोरांनाही बोलावलं. सगळ्यांनीच नाही म्हणायचं ठरलं. मालकाला सांगितलं, बाटली मिळणार नाही, पण दिवे बंद ठेवा, स्पीकर बंद ठेवा, आम्ही लोकांना चार-चार, पाच-पाचच्या टोळीनं पायवाटेनं नेऊ आणि पायवाट सोडू देणार नाही. कुरकुर करत का होईना, तो तयार झाला.

टिपा कमी झाल्या, हे लपवत नाही. काही लोक चिडले. पण बॅटरी बंद करून अंधारात दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं, की डोळे सरावतात आणि जिथं काहीच नव्हतं तिथं हळूहळू झाड दिसू लागतं. एखाद्या रात्री तेवढं करूनही काही दिसत नाही. मग मी आईसारखंच सांगायचो, "आज एवढंच हाय बरं का." बरेच जण "चालेल" म्हणायचे. त्या क्षणी ते खरंच पाहुणे व्हायचे.

आजी गेली त्याला आता चार वर्षं झाली. हिरड्यावरून मी तिला जे बोललो, त्याची माफी मागायची राहिली.

आणि ती मुलगी आता मोठी झाली असेल. कदाचित ती मैत्रिणींना सांगत असेल, लहानपणी एकदा रात्री एका दादानं मला बाटलीभर चांदण्या आणून दिल्या होत्या. तिच्या त्या आठवणीत मी फार चांगला माणूस आहे. सकाळी बाटलीच्या तळाशी काय होतं, ते तिनं पाहिलेलं नाही. कधी भेटली तर तिला खरं सांगावं की नाही, हे अजून माझं ठरलेलं नाही.