ऋणमुक्ती आणि आशापाश

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीची माणसे शेकडो आशापाशांनी जखडलेली वर्णिली आहेत. कर्जाने मोटार घेणाऱ्या गृहस्थाने हे वर्णन स्मरावे. ५ लक्ष रुपयांवर दरसाल दरशेकडा ९ प्रमाणे पहिल्याच महिन्यास ३,७५० रुपये व्याज होते. जो एखादा उपभोग आवरून शिल्लक पैसा मुद्दलात भरतो, त्याचे तेवढ्या रकमेचे पुढील व्याज थांबते. त्याचा तो संयम तपच होय. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ देऊन नोंदणीपत्रावरील बोजा उतरवून घ्यावा. परंतु लगेच दुसऱ्या मोटारीचा मोह धरिला, तर पाश तुटला कोठे? कागदावरील बोजा कार्यालय उतरविते. मनावरील बोजा ज्याचा त्यानेच उतरवावयाचा असतो.