सत्कर्म : मोल की फळ?

नागपुरात १८४५ साली आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा चालविली, गोंडांच्या परंपरा टिपून ठेविल्या. १८६३ साली ते बुडून वारले. त्यांच्या स्कॉटिश पंथाचे मत असे की, मनुष्य सत्कर्माने नव्हे, विश्वासानेच नीतिमान ठरतो. मग इतके कष्ट कशासाठी? उत्तर असे की, सत्कर्म हे तारणाचे मोल नसून विश्वासाचे फळ होय. याकोबाच्या पत्रात तर कर्महीन विश्वास मृतच म्हटला आहे. आपल्या शास्त्रातही पुण्याचे देवताफळ भोगून सरते. मोक्ष परमेश्वरच देतो. म्हणून साधकाने सेवेचा हिशेब मांडू नये. मात्र कृपेचे निमित्त करून सेवा टाळूही नये. फळच न धरणारे झाड जिवंत कसे म्हणावे?