रिकामी ओंजळ

आंबोलीत पहिला पाऊस स्थिरावला की फजरच्या सुमारास ओढ्याकाठी कुणीतरी शीळ घालू लागते. सूर धरायचा, अर्ध्यात सोडायचा, पुन्हा भलतीकडूनच उचलायचा. शाळा बुडवून एखादे पोर झाडीत भटकते आहे असेच वाटते. इंग्रजांनीही या पक्ष्याला 'शीळ घालणारा शाळकरी' म्हटले. मराठीत तो शीळकरी कस्तूर. मैनेहून थोडा मोठा, काळा. कपाळावर आणि खांद्यांवर उजेड पडला की निळा चमकतो. ओढ्यातले खेकडे, गोगलगायी, किडे टिपतो आणि पावसाळ्यात पाण्यालगतच्या कपारीत घरटे करतो.

आम्ही उर्दू शाळेचे मास्तर, शीळ घालणाऱ्या पोरांची आम्हाला सवय आहे. जूनअखेर नववीची मुले घेऊन सावंतवाडीहून घाट चढलो. पक्षी ऐकू येई, दिसत नसे. आमच्यापैकी एकाच्या मोबाइलमध्ये त्याच शिळेचे रेकॉर्डिंग होते, ते लावले. दोनच मिनिटांत स्वारी समोरच्या ओल्या खडकावर हजर! शेपटी पसरून इकडेतिकडे पाहू लागला. मुले खूश, आम्हीही खूश. तिसऱ्यांदा वाजवले तेव्हा त्याच्या चोचीत काहीतरी होते. ते टाकून तो आला.

तो गाणे ऐकायला आला नव्हता. ही शीळ म्हणजे हद्दीची राखण असते. दुसऱ्याची शीळ आली म्हणजे आपल्या ओढ्यावर कुणी हक्क सांगतो आहे. तो भांडायला आला होता, आणि समोर कुणीच नव्हते.

इमाम बुखारींची एक हकीकत आपल्याकडे सांगतात. एका माणसाकडून हदीस ऐकायला ते लांबून गेले. तो सुटलेल्या घोड्याला दाणे असल्यासारखी ओंजळ दाखवून बोलावत होता. ओंजळ रिकामी होती. इमाम तिथूनच परतले. हकीकत कितपत अस्सल ते जाणकार सांगोत. आम्ही ती दरवर्षी वर्गात सांगतो.

कुणी म्हणेल, पाखराशी कसले आले खोटे? त्याला शब्द कुठे कळतात? पण घोड्यालाही शब्द कळत नव्हते, ओंजळ कळत होती. कस्तुराला शीळ कळते. जे त्याला खरे वाटते, तेच आम्ही खोटे करून दाखवले. गळ टाकणारा मच्छीमारही फसवतोच, पण त्याच्या घरी चूल पेटायची असते. आमची कोणती चूल अडली होती? शिकवण्याचा हेतू होता, ही सबब आम्ही स्वतःला देऊन पाहिली. पण अर्धा तास छत्री धरून गप्प बसलो असतो, तर तो कदाचित आपणहून दिसला असता. मुलांना तेही शिकवता आले असते. आणि आंबोलीला येणारे आम्ही एकटे थोडेच? पावसाळ्यात रोज माणसे येतात, मोबाइल सगळ्यांकडे असतो. एका पाखराने दिवसातून किती वेळा नसलेल्या शत्रूशी लढायला यावे?

यंदा ती हकीकत सांगायची वेळ आली, तेव्हा समोर आंबोलीला आलेलीच मुले बसली होती.